भिंतीकडची जागा

३ सप्टेंबर २०००, रविवार

विमा एजंटानं जानेवारीत दिलेली डायरी आज उघडते आहे. मधले महिने कोरे गेले. त्या महिन्यांत एवढं घडलं की लिहायला बसले असते तर रडायला वेळ मिळाला नसता. पण आमच्याकडे रडण्याचं खातं गायत्रीकडे, म्हणजे माझ्या भावजयीकडे आहे, आणि ती ते उत्तम सांभाळते.

डायरीला कुलूप लागणार नाही. या घरात मोठे सगळे मराठी बोलतात, वाचता कोणालाच येत नाही. माझा धाकटा भाऊ साईराम देवाची आरतीसुद्धा तमिळ अक्षरांत लिहून घेतो. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, देवनागरी शिकवली ती मला एकटीला. मी लग्न करून जाईन असं त्यांना वाटत नव्हतं, तेव्हा विद्या घरातच राहील असा त्यांचा अंदाज होता. तो बरोबर ठरला. मी वसुमती, मुलींच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीत सगळ्या जगाची आत्या आहे.

झालं ते असं. साईरामनं गेल्या दीपावलीला फ्लॅशचा जपानी कॅमेरा घेतला. हल्ली दुकानात सगळं मिळतं, म्हणून सगळं घ्यायचं हा त्याचा धर्म आहे. त्याच्या लेकीचे, नित्याचे, फोटो धुऊन आले तर एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा. साईराम स्टुडिओत जाऊन भांडून आला. दुसरा रोल धुतला, तरी तोच पांढरा डोळा. मग कळलं की कॅमेऱ्यात खोट नव्हती. पोरीच्या डाव्या डोळ्यात आत पडद्यावर गाठ होती. कर्करोग. साडेतीन वर्षांच्या मुलीला. मला तोवर वाटायचं की हा रोग विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांना होतो.

मग चेन्नईच्या फेऱ्या. सलाईनमधून औषध, आणि शिवाय भूल देऊन डोळ्याच्या बाजूनं आत सुई. त्या औषधात प्लॅटिनम असतं. आमच्या घराण्यात प्लॅटिनम आलं ते असं, सुईतून. प्रत्येक वेळी पोरीचा डोळा वड्यासारखा सुजायचा. केस गेले, आता परत येताहेत, पूर्वीपेक्षा कुरळे. शेवटची सुई जुलैत झाली. आता ऑक्टोबरात तपासणी.

१० सप्टेंबर, रविवार

जेवताना साईरामनं बातमी दिली. बूथवरून चेन्नईच्या डॉक्टरांना फोन करून आला होता.

"ऑक्टोबरांत पाहतील. गाठ मेली असेल तर बरें. नाही तर डोळा काढावा लागेल म्हणतात."

आईचा हात ताटातच राहिला. "काढतील म्हणजे कैसं काढतील रे?"

"ऑपरेशन करून. मग काचेचा बसवतात. कळत देखील नाही म्हणे."

"डोळा वाकडा झाला, सुजला, कांही वेगळं दिसलं तर लगेच आणा म्हणोन सांगितलंय," गायत्री म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

नित्या तिथेच बसून भात चिवडत होती. तिच्यासमोर बोलायला हरकत नसते. पोरगी जन्मापासून तमिळच बोलते. शाळेत सोपं जाईल म्हणून आम्हीच तिच्याशी तमिळ बोलत आलो. इंग्रजी आता धोक्याची झाली आहे, कारण नर्सरीत शिकवतात. मग मोठ्यांसाठी उरली मराठी. आमच्या लहानपणी आईआप्पा आमच्यापासून लपवायचं ते तेलुगूत बोलायचे. आता नित्याला जे सांगायचं ते तमिळीत आणि जे सांगायचं नाही ते मराठीत, अशी सोय झाली आहे. तंजावूरच्या एवढ्या मराठी राज्याची एवढीच इस्टेट आमच्याकडे उरली म्हणायची.

"ओण्णुम आगादु, कुट्टी," साईराम तिला म्हणाला. काही होणार नाही, पिल्ला. इंजेक्शनच्या वेळीही तो हेच म्हणायचा, आणि वर मुंगी चावल्यासारखं वाटेल असंही सांगायचा.

तिनं मान हलवली आणि भात तसाच ठेवून उठली.

१७ सप्टेंबर, रविवार

घरात चोर आहे. आईनं मला सांगितलं, "वसु, नारळाच्या वड्या तांदळाच्या डब्यांत खुपसून ठेव. पोरीस खोकला आहे, दिसूं देऊ नकोस." मी खुपसल्या. दुपारी पाहते तर डबा आहे, तांदूळ आहे, वड्या नाहीत.

साईरामवर आळ घेतला. त्यानं आपल्या कंप्यूटर सेंटरची शपथ घेतली. हे सेंटर त्यानं बँकेची नोकरी सोडून काढलं आहे, आणि तिथे तो शेतकऱ्यांच्या मुलांना जावा शिकवतो. जावा म्हणजे काय ते त्यालाही पुरतं कळलेलं नाही, पण बोर्ड मोठा आहे. त्या शपथेवर माझा विश्वास बसला, कारण सेंटरइतकं त्याला दुसरं काही प्यारं नाही. मग बहुधा मुंगूस असावं.

२४ सप्टेंबर, रविवार

पोरीच्या अंगात आता नवा हट्ट शिरला आहे. जेवताना भिंतीकडचीच जागा हवी, रांगेत सगळ्यात डावीकडची. ती आईची जागा. आई तिथे टेकून बसते, तिच्या पाठीला बरं पडतं. आज आई आधी बसली तर नित्यानं असा सूर लावला की शेजारचे खिडकीत आले. "लाडानं माजलीये," मी म्हणाले. गायत्रीला राग आला, पण तिनं तो मला न दाखवता डाळीवर काढला. आमटीत मिरची दुप्पट होती.

नित्या भिंतीकडे बसली आणि सगळ्यांकडे उजवीकडे पाहत शांतपणे जेवली. अंगणात खेळतानाही ती हल्ली कुंपणाच्या कडेला राहते. गावावर पाळत ठेवल्यासारखी.

१ ऑक्टोबर, रविवार

नवरात्र. पायऱ्या मांडून बाहुल्या बसवल्या. बायका येतात, कोणी गाते, चण्याची उसळ खाते आणि दुसरीकडच्या बाहुल्या किती वाईट होत्या ते सांगून जाते. मला हा सण फार आवडतो.

मधल्या पायरीवर आमची जुनी तंजावूरची बाहुली आहे, मान डोलावणारी. बोट लावलं की डोकं वेगळं डोलतं, कंबर वेगळी. नित्या तिच्यासमोर तासन् तास बसते, आणि आता हुबेहूब तशी झाली आहे. कोणी हाक मारली की नजर वळत नाही, सगळं डोकं वळतं. डावीकडे पाहायचं तर मानच नाही, खांदेही फिरतात. आईला भारी कौतुक. येईल त्या बाईला दाखवते, "पाहिलंत? आमची बाहुली!" आणि डावीकडून टाळी वाजवते. नित्या डोकं वळवते. बायका हसतात. नित्याही हसते, पण तिचं हसणं मला आज शाळा तपासायला साहेब आल्यावर हेडमास्तरीण हसते तसं वाटलं.

४ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी गायत्रीच्या खोलीत डोकावले तर नित्या कपाटाच्या आरशासमोर उभी. दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं घट्ट धरलेलं आणि आरशात डोळे मोठे करून पाहणं चाललेलं. चेहरा लाल झाला होता. काय करतेस म्हणून विचारलं तर "ओण्णुमिल्ले." काही नाही.

गायत्रीवर गेली आहे. तिचीही अर्धी हयात त्याच आरशापुढे गेली.

७ ऑक्टोबर, शनिवार, विजयादशमी

आजच्या दिवशी मुलांना नवी विद्या सुरू करतात. गायत्रीच्या मनात नित्याला नाचाला घालायचं फार दिवसांपासून होतं. मी म्हणाले, आधी डोळा पाहू, मग पाय. गायत्री म्हणाली, "सगळंच त्या डोळ्यापायी थांबवायचं का हो, अक्का?" मग मीही बरोबर गेले.

अंबा टीचर दोन गल्ल्या सोडून राहतात. वय झालं आहे, गुडघे गेले आहेत, हातातली काठी मात्र अजून ताल चुकू देत नाही. दक्षिणेचं ताट, विडा, नमस्कार झाला. मग त्यांनी सगळ्या नव्या मुलींना बसवलं आणि पहिला धडा सुरू केला. नाच आमच्याकडे पायांआधी डोळ्यांपासून सुरू होतो. मान हलवायची नाही, नजर डावीकडे, नजर उजवीकडे. काठीचा ठोका पडेल तशी.

बाकीच्या मुली डोळे फिरवत होत्या. नित्या डोकं फिरवत होती.

"तलै आडक्कूडादु," टीचर म्हणाल्या. डोकं हलता कामा नये. नित्यानं पुन्हा डोकं फिरवलं. टीचरनी उठून तिची हनुवटी हातात धरली आणि काठीचं टोक डावीकडे नेलं. उजवा डोळा काठीमागे गेला. डावा मधेच थांबला. जागचा हलला नाही, सरळ माझ्याकडे पाहत राहिला.

नित्यानं टीचरच्या हाताला चावा घेतला.

टीचर रागावल्या नाहीत. हात पदराला पुसून माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "या पोरीचा डोळा कोणी तरी आतून धरून ठेवलाय." आम्ही ताट तिथेच विसरून आलो.

८ ऑक्टोबर, रविवार

काल आणि आज घरात दुसरा विषय नाही. साईराम म्हणतो, गाठ वाढून मागे स्नायूत गेली असेल. त्यानं इंटरनेटवर वाचलं. सेंटरमध्ये नवीन कनेक्शन आलंय, आणि त्याचा पहिला उपयोग हा. "मग तर डोळा काढणारच," तो म्हणाला. आई देवासमोरून उठत नाही. गायत्री रडते आहे. या वेळी मीही रडले, पण स्वयंपाकघरात, कांदा चिरताना, म्हणजे मोजलं जाऊ नये.

नित्याला दोनदा उलटी झाली. उसळ जास्त झाली असावी. नंतर ती सापडेना. शोधलं तर बाहुल्यांच्या पायऱ्यांखाली, पांढऱ्या धोतराच्या पडद्याआड, आणि डाव्या डोळ्यावर तळहात दाबलेला. "वेण्डाम, अत्तै," म्हणाली. नको, आत्या. काय नको ते सांगेना.

१० ऑक्टोबर, मंगळवार

चेन्नईला निघालो. मी, गायत्री आणि नित्या. साईरामला ऐन वेळी नव्या बॅचचं उद्घाटन आठवलं. माझा भाऊ पळपुटा आहे. बसच्या खिडकीशी उभा राहून नित्याला टाटा करत होता आणि बस निघाल्यावरही बराच वेळ हात खाली घेत नव्हता.

पापनाशमला बस थांबली. दोन्ही बाजूंना हिरवंगार भात. मी काकडी घेतली, तिखटमीठ लावून. नित्यानं खाल्ली नाही. गायत्रीला मी विचारलं, मराठीतच, "काढायचं म्हणाले तर सही करशील?" ती म्हणाली, "जीव राहिला पाहिजे, अक्का. एक डोळ्यानं देखील मुलगी गोडच दिसेल." आणि खिडकीबाहेर पाहू लागली. ही बाई दोन साड्या जुळवायला दिवस घालवते, म्हणून मी तिला इतकी वर्षं उथळ समजत आले. आज मला तिच्याइतकं धीराचं कोणी वाटलं नाही.

नित्या आमच्या मधे बसली होती. आमच्या मांड्यांवरून हात टाकून दोघींच्या साड्या तिनं घट्ट धरल्या होत्या.

११ ऑक्टोबर, बुधवार

आज अक्षराकडे पाहायचं नाही. कसंही लिहिते.

डॉक्टर राजम शांत बाई आहेत. मोठा चष्मा, टेबलावर रबराचा पोपट. पोपट उजवीकडे नेला, नित्यानं छान पाहिलं. डावीकडे नेला, नित्यानं डोकं वळवलं आणि गोड हसली. तेच हसू, बाहुल्यांसमोरचं. डॉक्टरांनी नर्सला सांगितलं, डोकं धरा.

नर्सनं दोन्ही बाजूंनी डोकं धरलं मात्र, आणि पोरगी किंचाळली. मराठीत.

"नको! माझा डोळा काढूं नका! वाकडा नाही झाला! मी हलवतें! मला येतंय हलवायला, मी आरशांत केलंय! आत्या, सांग गे तिजला! काचेचा नको मजला!"

डॉक्टर थांबल्या. "ही कोणती भाषा?" त्यांनी तमिळीत विचारलं. मी सांगितलं. "काय म्हणतेय?" वर्गात मुली गॅस सुरू ठेवून बाहेर गेल्या तरी माझा आवाज जात नाही, आज गेला.

पोरगी आजवर मराठीचं एक वाक्य बोलली नव्हती. पहिलं बोलली ते हे. सगळं कळत होतं तिला. भात चिवडताना, बसमध्ये, देवासमोर. डोळा अडकला हे आमच्याआधी तिला कळलं, आणि वेगळं दिसलं तर काढतात हेही आम्हीच तिच्या पुढ्यात बसून सांगितलं होतं. मग लपवायचं कसं ते तिनं एकटीनं शोधून काढलं. डोळा वळत नाही तर डोकं वळवायचं. डावीकडे कोणी असता कामा नये, म्हणून भिंत धरायची. घरात एवढे शिकलेले, आणि आम्ही टाळ्या वाजवून तिच्याकडून बाहुली करून घेत होतो. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

नारळाच्या वड्यांचाही उलगडा झाला. गायत्रीला सांगितलं तर ती रडता रडता हसली, आणि मग नुसतीच रडली.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी भूल देऊन डोळा आतून पाहिला. आम्ही दोघी बाहेर. गायत्रीच्या हातात नित्याचे पैंजण. ते आत नेऊ देत नाहीत.

डॉक्टर राजम बाहेर आल्या, चष्मा काढला, आणि मला वाटलं संपलं. पण त्या फक्त काच पुसत होत्या.

गाठ मेलेली आहे. खडूसारखी पांढरी, निपचित पडून आहे. डोळा अडकला तो गाठीमुळे नव्हे, औषधामुळे. सुईतून गेलेलं औषध डोळ्याभोवती पसरतं, तिथली चरबी आणि स्नायूंवरचं आवरण आखडून घट्ट होतं. काही मुलांना होतं असं. पुढे थोडं सैल होईल किंवा नाही होणार. तिरळेपणा वाढला तर मोठेपणी शस्त्रक्रिया करता येईल, पण पहिल्यासारखा फिरेल असं त्या म्हणत नाहीत. तपासण्या मात्र करत राहायच्या.

"म्हणजे काढायचा नाही?" गायत्रीनं विचारलं.

"कशाला काढायचा? ज्यासाठी काढला असता ते आता नाही."

मी डॉक्टरांचे हात धरले. त्यांना अवघडल्यासारखं झालं. होऊ दे. प्लॅटिनम कशालाच चिकटत नाही असं मी वर्गात इतकी वर्षं सांगत आले आहे. पुढच्या वेळी जरा दबकून बोलेन.

१४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी घरी पोचलो. बसमध्ये सगळा वेळ मी नित्याला सांगत होते, कुट्टी, डोळा तुझाच राहणार, कोणी काढणार नाही, ओण्णुम आगादु. गायत्री सांगत होती. बसस्टँडवर साईरामनं तिला उचलून तेच सांगितलं आणि तिच्या कुरळ्या केसांत तोंड खुपसून बराच वेळ काढलं नाही. पोरगी मान हलवत होती. हसतही होती, तेच नको ते हसू. डावा तळहात डोळ्यावरून निघत नव्हता.

संध्याकाळी पानं घेतली. भिंतीकडची जागा आईनं स्वतःहून सोडली होती. नित्या बसली, पण जेवेना. साईरामनं पुन्हा सुरू केलं, "ओण्णुम आगादु, कुट्टी, अप्पा सोल्रेन इल्ले?" अप्पा सांगतोय ना? काही केल्या घास जाईना. मी तिच्याजवळ सरकले आणि तमिळीत म्हणाले, खरंच गं, आत्याची शपथ.

तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळं डोकं वळवून. मग हळूच, मराठीत, "मजला नको सांगूस," म्हणाली. "त्यांस सांग."

मग मला कळलं. तिला जे सांगतात ते तमिळीत. मुंगी चावेल, काही होणार नाही. खरं काय ते आम्ही एकमेकांना सांगतो, तिच्या डोक्यावरून.

मी आईकडे वळले. नित्याकडे पाहिलंच नाही. "आई, डॉक्टरांनी आंत पाहिलं. गाठ मेलीये. डोळा काढणार नाहीत."

"नक्की म्हणाले?" आईनं विचारलं.

"नक्की. पण वळणार मात्र नाही नीट. डावीकडचं पाहायला मान फिरवावी लागेल, बहुतेक जन्मभर. तपासायला देखील जात राहायचं."

"फिरवील मान," आई म्हणाली. "मान कशास दिलीये देवानं?"

"सुई?" साईरामनं विचारलं. त्यालाही आता समजलं होतं. "सुई परत द्यायची?"

"नाही. सुई संपली."

"काचेचा?"

"नाही रे. तिचाच राहील."

गायत्रीनं आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मला म्हणाली, "मी देखील ऐकलं, अक्का. डॉक्टर ऐसंच म्हणाली."

नित्या भाताचे ढीग करत होती. आमच्यातलं एक अक्षरही आपल्याला कळत नाही अशा चेहऱ्यानं. तळहात डोळ्यावरून केव्हा खाली आला ते कोणी पाहिलं नाही. मग तिनं ताट पुढे सरकवलं आणि तमिळीत म्हणाली,

"रसम ऊत्तु."

आईनं तिच्या ताटात सार वाढलं.